चौरस फुटाचा आकडा हाती आला, आता पुढे?

गुंतवणुकीसाठी जागा पाहायला लागलं की पहिला आकडा समोर येतो तो चौरस फुटाचा. किमतीला क्षेत्रफळाने भागायचं, निघालेला दर शेजारच्या इमारतीशी ताडून पाहायचा आणि कमी दिसला की सौदा चांगला म्हणायचं, असा बहुतेकांचा हिशोब असतो. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. आता लोकांना घरं आणि गाळे विकत घेण्याआधी मोजून देते, आणि त्या मापांवरून ती जागा घ्यावी की नाही यावर त्यांच्याशी बोलते. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. भाडेकरू पैसे देतो ते खोल्यांचे आणि सोयींचे, मालकाचा खर्च मात्र चौरस फुटावर बसतो. या दोहोंमध्ये किती अंतर आहे, ते क्षेत्रफळावरून शोधायचं असतं. मी ते कसं शोधते ते सांगते.

आधी विचारा, यात काय काय मोजलंय?

एक साधं घर घ्या. आतून २० फूट बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. बाहेरच्या भिंती नऊ इंचांच्या आहेत. तेच घर बाहेरून मोजलं तर साडेएकवीस बाय साडेएकतीस, म्हणजे ६७७ चौरस फूट. आकडा जवळपास १३ टक्क्यांनी फुगला आणि राहणाऱ्याला पाऊल ठेवायला एक इंचही जास्त मिळाला नाही. यात जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा मिळवला की आकडा आणखी वर जातो. किंमत तीच असेल तर प्रत्येक पायरीला दर मात्र उतरत जातो. म्हणून नुसता दर सांगून कोणी जागा स्वस्त म्हणत असेल, तर तो कुठल्या क्षेत्रफळावर काढलाय ते कळेपर्यंत मी तो आकडा वहीत लिहीतसुद्धा नाही.

नियमही जागोजागी वेगळे आहेत. भारतात २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्यात कार्पेटची, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळाची, व्याख्या दिली आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी), बाल्कनी आणि खुली गच्ची वगळायची, घराच्या आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र धरायच्या. म्हणजे कायद्यातलं कार्पेटही फरशीच्या क्षेत्रफळापेक्षा थोडं जास्तच भरतं. अमेरिकेत एका कुटुंबाच्या घरांसाठी एएनएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं झेड ७६५ हे मानक आहे. त्यात माप बाहेरच्या भिंतींवरून घेतात, छत निदान सात फूट उंच असावं लागतं आणि तळघर वेगळं दाखवावं लागतं. फॅनी मे या गृहकर्ज संस्थेने एप्रिल २०२२ पासून आपल्या मूल्यांकनांसाठी ते बंधनकारक केलं. फ्रान्समध्ये १९९६ च्या कारेझ कायद्यानुसार सामायिक मालकीच्या इमारतीतलं घर विकताना १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा मोजतच नाहीत. हाँगकाँगने २०१३ पासून बिल्डरकडच्या नव्या घरांचा दर फक्त विक्रीयोग्य क्षेत्रफळावरच, म्हणजे सामायिक जागेचा वाटा न धरता, सांगायचा असा नियम केला. एकच घर या चार नियमांनी मोजलं तर चार आकडे येतील, आणि चारही आपापल्या जागी बरोबर असतील.

त्यामुळे समोरच्याला तीन गोष्टी विचारा. बाहेरच्या भिंती धरल्यात का? बाल्कनी, गच्ची, तळघर, पार्किंग यातलं काही आत घेतलंय का? सामायिक जागेचा वाटा आहे का, आणि असेल तर किती टक्के, कशावर? या शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबा. या वाट्याला लोडिंग म्हणतात. ‘९०० चौरस फूट, लोडिंग ३५ टक्के’ असं सांगितलं की लोक ९०० मधून ३५ टक्के वजा करून ५८५ म्हणतात. पण लोडिंग कार्पेटवर चढवलेलं असेल तर ९०० ला १.३५ ने भागायचं, म्हणजे ६६७ येतात. दोन्हीत ८२ चौरस फुटांचा फरक पडतो, एका खोलीएवढा. म्हणून टक्के कशावर काढलेत ते लिहूनच घ्या. मग पाहिलेल्या सगळ्या जागा भिंतीच्या आतल्या फरशीच्या क्षेत्रफळावर आणा आणि दर पुन्हा काढा. यादीतला क्रम बऱ्याचदा इथेच बदलतो.

स्वतः मोजा

कागदावरचा आकडा कितीही अधिकृत असो, मी जागा मोजतेच. लेझर मीटर असेल तर उत्तम, नाहीतर चांगला पोलादी टेप आणि सोबतीला एक माणूस. प्रत्येक खोलीची लांबी आणि रुंदी दोन-दोन ठिकाणी घ्या, कारण भिंती क्वचितच अगदी समांतर असतात. दोन मापांची सरासरी लिहा. एल आकाराच्या खोलीचे दोन आयत करा. आत आलेले खांब आणि डक्ट वजा करा. छत उतरतं असेल तर ताठ उभं राहता येतं तेवढा भाग वेगळा लिहा. खोल्यांची बेरीज आणि कागदावरचा आकडा यांत एक-दोन टक्क्यांचा फरक मी मोजणीतला धरते. त्याहून जास्त फरक असेल तर कारण विचारते.

दोन चुका फार पाहायला मिळतात. पहिली इंचांची. १० फूट ६ इंच म्हणजे १०.५ फूट, १०.६ नव्हे. इंचांना बाराने भागूनच दशांश काढायचे. किरकोळ वाटतं, पण दहा बाय दहाच्या खोलीत दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच चुकले तर क्षेत्रफळ १०३.४ येतं, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त फरक. क्षेत्रफळ दोन मापांच्या गुणाकारातून येत असल्यामुळे चूकही दुहेरी वाढते. दुसरी चूक चौरस मीटरची. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. तोंडी हिशोबात लोक दहाने गुणतात आणि ६० चौरस मीटरच्या घरातले जवळपास ४६ चौरस फूट गायब होतात.

आतली किती जागा कामाची?

मोजून झालं की आराखड्यावर पॅसेज, दारामागची जागा आणि कशालाच उपयोगी न पडणारे कोपरे रंगवून घ्या. १४ फूट लांब, ४ फूट रुंद पॅसेज म्हणजे ५६ चौरस फूट. ५६० चौरस फुटांच्या घरात दहावा हिस्सा तिथेच गेला. त्याची किंमत तुम्ही बैठकीच्या खोलीच्या दराने मोजता, पण भाडेकरू त्याचे वेगळे पैसे देत नाही.

आकार पाहा. आठ बाय पंधरा आणि दहा बाय बारा, दोन्ही खोल्या १२० चौरस फुटांच्या. सहा बाय साडेसहाचा पलंग आठ फुटी रुंदीत आडवा लावला तर पायथ्याशी दीड फूट उरतो. कपाटाचं दार उघडलं की वाट बंद. दहा फुटी रुंदीत साडेतीन फूट उरतात, तिथे टेबलही मावतं. दारंही पाहा, कारण तीन भिंतींना तीन दारं असलेली खोली मोठी असली तरी ती रस्ताच असते. मी आलेखाच्या कागदावर एका चौकोनाला एक फूट धरून खोली काढते, पलंग, कपाट आणि टेबल यांचे त्याच मापाचे तुकडे कापते आणि प्रत्यक्ष मांडून बघते. असं मांडताना एखादी खोली झोपायला चालत नाही असं दिसलं, तर जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, भाड्याच्या हिशोबात मी ती खोली धरत नाही.

वाढीव चौरस फूट काय कमावतो?

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. सरासरी दर बाजूला ठेवा आणि लहान जागेऐवजी मोठी घेतल्यावर *जास्तीच्या* तुकड्यावर काय मिळतं ते काढा.

समजा पहिलं घर ५०० चौरस फुटांचं आहे आणि त्याची किंमत १०० धरली. दुसरं ७०० चौरस फुटांचं, किंमत १२६. दर काढला तर दुसरं दहा टक्क्यांनी स्वस्त आहे आणि विकणारा तेच पुन्हा पुन्हा सांगेल. दोन्ही घरांत खोल्या तेवढ्याच, दुसऱ्यातल्या फक्त ऐसपैस. पहिल्याचं वर्षाचं भाडं ५, दुसऱ्याचं ५.६. भाडेकरूला ऐसपैसपणा आवडतो, पण त्यासाठी तो फार वर जात नाही. मेंटेनन्स, कर, दुरुस्ती हा खर्च क्षेत्रफळाच्या प्रमाणात धरू, पहिल्याला ०.५ आणि दुसऱ्याला ०.७. हातात राहिले ४.५ आणि ४.९. म्हणजे पहिलं घर वर्षाला साडेचार टक्के देतं, ‘स्वस्त’ म्हटलेलं दुसरं ३.९ टक्के.

आता नुसत्या जास्तीच्या २०० चौरस फुटांकडे बघा. त्यासाठी २६ जास्त मोजले आणि वर्षाला हातात ०.४ जास्त आले. त्या २६ वर दीड टक्का परतावा. तेवढे पैसे दुसरीकडे कुठेही ठेवले तरी याहून जास्त मिळतील का, एवढाच प्रश्न विचारायचा.

मात्र त्या २०० चौरस फुटांत एक पूर्ण खोली आणि दुसरं बाथरूम बसत असेल तर चित्र उलटं होतं. भाडं ६.६ झालं असं धरा. खर्च जाऊन ५.९ उरले, घराचा परतावा ४.७ टक्क्यांवर आला आणि वाढीव तुकड्याचा ५.४ टक्के. क्षेत्रफळ तेच, किंमत तीच, फक्त त्या जागेला दार, खिडकी आणि नळ मिळाला. म्हणून मोठं घर पाहताना मी आधी शोधते की आहे त्याच क्षेत्रफळात आणखी एक खोली निघते का. तिला बाहेरच्या बाजूला खिडकी मिळते का, बाथरूमसाठी पाण्याची आणि मैल्याची लाइन जवळ आहे का, मधली भिंत भार घेणारी तर नाही? उत्तरं जुळली आणि बदलाला रीतसर परवानगी मिळत असेल, तर बाजार त्या घराची किंमत लावतो ती आजच्या खोल्यांवर आणि तुम्ही भाडं घेणार ते उद्याच्या खोल्यांवर. इतकी चांगली संधी नुसत्या दराच्या तक्त्यात कधीच सापडत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे लहान घराचा दर सहसा चढा का असतो. ओटा, सिंक, संडास-बाथरूम, मीटर, मुख्य दार हे सगळं लहान घरालाही लागतंच आणि त्याचा खर्च क्षेत्रफळाबरोबर फारसा हलत नाही. तो कमी चौरस फुटांवर वाटला गेल्यामुळे दर वर दिसतो. त्यामुळे ४०० चौरस फुटांच्या घराचा दर ११०० च्या घराशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तुम्ही पाहत असलेल्या घराच्या आसपासच्याच मापाची, साधारण वीस टक्के वरखाली, घरं तुलनेला घ्या, आणि वय आणि मजलाही जुळतो का ते बघा.

खर्च कशावर बसतो?

वरच्या हिशोबात खर्च सरळ क्षेत्रफळावर धरला, प्रत्यक्षात तो थोडा वेगवेगळा वागतो. फरशी आणि वॉटरप्रूफिंग क्षेत्रफळावर जातात. रंगकाम भिंतीवर जातं. नऊ फूट उंचीच्या दहा बाय दहाच्या खोलीत ३६० चौरस फूट भिंत असते, वीस बाय पाचच्या पट्टीत ४५०. फरशी तेवढीच, रंग पंचवीस टक्के जास्त. स्वयंपाकघर आणि बाथरूमची दुरुस्ती त्यांच्या संख्येवर जाते. सोसायटीचं किंवा इमारतीचं मेंटेनन्स चौरस फुटावर आकारतात की घरटी सारखं, हे जरूर विचारा. घरटी असेल तर लहान घराचा परतावा तेवढ्याने खाली येतो आणि मोठ्या घराची बाजू सुधारते.

आठशेचं एक घर घ्यावं की चारशेची दोन? लोक मला हे वारंवार विचारतात. दोन घरांमध्ये दोन ओटे, दोन बाथरूम, दोन भाडेकरू आणि दोघांचे फोन येतात. पण एक रिकामं पडलं तरी दुसऱ्याचं भाडं चालू राहतं, आणि पैशांची गरज पडली तर एकच विकता येतं. वेळ देता येत असेल तर मी दोन लहान घरांच्या बाजूने आहे.

रिकामे महिने विसरू नका. वर्षात एक महिना घर बंद राहिलं की भाड्याचे ८.३ टक्के गेले. माझ्या पाहण्यात मोठ्या घराला भाडेकरू मिळायला वेळ लागतो, पण मुलाबाळांचं कुटुंब आलं की ते टिकतं. लहान घर पटकन जातं आणि पटकन रिकामंही होतं. दर वर्षी एक महिना बंद राहणारं लहान घर आणि तीन वर्षांत मिळून दोन महिने बंद राहणारं मोठं घर यांत मोठ्याचा तोटा कमी, साडेपाच टक्के. तुम्ही पाहताय त्या इमारतीत कोण किती काळ राहतं हे चौकीदाराला आणि शेजाऱ्यांना विचारून हा आकडा स्वतःसाठी काढा.

गाळा असेल तर आधी रुंदी पाहा

दुकानाच्या गाळ्यात प्रत्येक चौरस फूट सारख्या मोलाचा नसतो, आणि हे मोजायची एक सुंदर रीत इंग्लंडमधले व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेचं मोल ठरवणारे, वापरतात. रस्त्याकडच्या काचेपासून आत पहिले २० फूट पूर्ण मोलाचे. पुढचे २० फूट निम्म्या मोलाचे, त्यापुढचे पाव. गिऱ्हाईक जसजसं आत जाताना कमी होतं, तसतसं मोलही उतरतं.

करून बघा. २० फूट रुंद आणि ६० फूट खोल गाळा, १२०० चौरस फूट. पहिल्या पट्ट्याचे ४००, दुसऱ्याचे २००, तिसऱ्याचे १००, मिळून ७००. आता ४० फूट रुंद आणि ३० फूट खोल गाळा, तोही १२०० चौरस फूटच. पहिल्या पट्ट्याचे ८००, उरलेल्या दहा फुटांत ४००, त्यांचे निम्मे २००, एकूण १०००. क्षेत्रफळ एकच असून दुसऱ्याची कमाईची ताकद ४३ टक्के जास्त. दोन्ही गाळे एकाच दराने मिळत असतील तर रुंद गाळा घ्यायला विचार करायची गरज नाही. अरुंद गाळा घ्यायचाच असेल तर मागचा भाग गोदाम किंवा ऑफिस म्हणून वेगळा, मागच्या दाराने देता येतो का ते पाहा. गोदाम, दवाखाना किंवा क्लास अशा ठिकाणी मात्र ही रीत लावू नका. तिथे जागा रस्त्यापासून किती आत आहे याला फारसं महत्त्व नाही.

मोकळ्या जमिनीच्या बाबतीत एवढंच सांगते: जमिनीच्या चौरस फुटाची किंमत तिच्यावर काय बांधता येतं यावर ठरते. तीन हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर दीड एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) असेल तर कागदावर साडेचार हजार बांधता येतात, पण चारही बाजूंनी सोडायचं अंतर आणि उंचीची मर्यादा लावून आराखडा काढल्यावर खरा आकडा कळतो. सौद्याआधी आर्किटेक्टकडून तो काढून घ्या.

मोजलेलं कागदावर आणा

मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष जागा शेजारी ठेवून बघा. बंद केलेली बाल्कनी, गच्चीवर चढवलेली खोली, उंची कमी असलेला माळा, हे विकणारा पूर्ण क्षेत्रफळात धरून सांगतो. मंजुरी नसलेल्या जागेचं भाडं आज मिळतही असेल, पण बँकेचा व्हॅल्युअर ती धरत नाही आणि पाडायची नोटीस आली तर तुम्ही मोजलेले पैसेही गेले. अशा जागेला मी किमतीत शून्य धरते आणि तसं स्पष्ट सांगते.

करारात तीन गोष्टी लिहून घ्या: माप कुठल्या पद्धतीचं, सोबत जोडलेला मापांचा आराखडा, आणि कमी भरलं तर किंमत कशी कमी होणार. फ्रान्सच्या त्या कायद्यात प्रत्यक्ष जागा सांगितल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त कमी भरली तर खरेदीदाराला त्या प्रमाणात किंमत परत मागता येते, मात्र एका वर्षाच्या आत. असा कायदा तुमच्याकडे नसला तरी तशी अट दोघांच्या संमतीने घालता येते. विकणारा ती मान्य करायला का कू करत असेल तर मोजणी आणखी काळजीपूर्वक करा. शेवटची मोजणी घर रिकामं असताना, उरलेले पैसे द्यायच्या आधी करून घ्या, आणि मापांच्या कागदावर तारीख टाकून दोघांच्या सह्या घ्या. पुढे भाडेकरू बदलताना, कर्ज घेताना आणि विकताना हाच कागद बाहेर काढावा लागतो.